दगडाला पडलेली जाळी

गणितात अडखळली म्हणून बाई वर्गात "नुसती दगड आहेस" म्हणाल्या होत्या; शाळेतून आल्यापासून माझी भाची मागच्या दाराच्या काळ्या पायरीवर फुरंगटून बसली होती. मी तिला गरम घावन नेऊन दिलं. खाताखाता तिचं बोट पायरीवरच्या बारीक भोकांतून फिरू लागलं.

"मावशी, या दगडाला घावनासारखीच जाळी पडलीय!"

खरंच की! हा दगड एके काळी जमिनीतून उसळलेला तप्त रस होता. तो थंड होताना आतले बुडबुडे तसेच अडकले, तव्यावर अडकतात तसे. मी तिला सगळं सांगत गेले. अशा भोकांत पाणी झिरपत राहिलं की कधीकधी पांढरे स्फटिक धरतात. ऊनपावसानं दगड झिजला की त्याचीच काळी माती होते. आमचा शेवगा त्याच मातीत उभा आहे, फुलांनी लगडलेला. दगडाइतकं बदलणारं दुसरं काय असेल? त्याला घाई तेवढी नसते.

ती शेवग्याकडे बघत राहिली.

"उद्या बाई पुन्हा दगड म्हणाल्या तर?" मी विचारलं.

"हो म्हणेन," शेवटचा घास तोंडात टाकत ती म्हणाली, "फक्त थोडा वेळ द्या म्हणेन."