जळक्या स्पीकरांची रेल्वे

परदेशात चुंबकावर तरंगत धावणाऱ्या रेल्वेचे व्हिडिओ आमच्या ग्रुपवर आले की सगळे टाळ्या टाकतात. माझं मात्र डोकं फिरतं. ती रेल्वे मी बनवली होती. हातभर लांबीची का होईना, पण तरंगणारी.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट नांदेडात तयार मिळतो, हे मला माझा तयार झाल्यावर कळलं. दुकानदार अहवाल छापून देतो, तोंडीला काय बोलायचं ते पाठ करून घेतो. मॉडेल भाड्यानं मिळतं. परीक्षा झाली की परत.

अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, मंडप-लाउडस्पीकरचा धंदा. जयंतीच्या मिरवणुकांत जळालेले स्पीकर शिरूर अनंतपाळला आमच्या घरामागं पडून होते. प्रत्येकाच्या पाठीत कड्यासारखं काळं चुंबक. पहिली काही चुलीत घालून काढली तर त्यांचं बळच गेलं. मग पाण्यात उकळून, पाचर मारून काढायला शिकले. फळीवर सगळी एकच तोंड वर करून चिकटवली, रेल्वेच्या डब्याच्या पोटाला तेच तोंड खाली. सारखी तोंडं एकमेकांना ढकलतात, म्हणून डबा उचलला जातो. पण जागेवर राहत नाही; बाजूला निसटून उलटतो आणि खाडकन चिकटतो. बोटं किती वेळा चेंगरली, विचारू नका. शेवटी दोन्हीकडं खिडकीच्या काचेच्या पट्ट्या उभ्या केल्या. डबा तरंगला. खालून कागद सारला, तो आरपार गेला.

परीक्षेला शेजारच्या टेबलावर तीन पोरांची तसलीच रेल्वे होती. चकचकीत, निळ्या दिव्यांची, दुकानातली. परीक्षक तिच्यापुढं वाकून म्हणाले, "व्वा, काय फिनिशिंग आहे!"

मग माझ्याकडं वळले. "हे कुठून आणलं?"

"मी बनवलंय, सर."

"सगळे तेच म्हणतात. वडील काय करतात?"

"लाउडस्पीकर लावतात."

"मग असं सांग ना, वडिलांनी बनवून दिलं." कागदावरचं माझं आडनाव त्यांनी पुन्हा एकदा वाचलं. "स्कॉलरशिप मिळते ना तुला?"

"मिळते. तिचा आणि ह्या डब्याचा काय संबंध?"

परीक्षकांचे कान लाल झाले. "बनवलंस ना? मग खोल आणि परत जोडून दाखव."

"खोलते. आधी ह्यांना खोलायला सांगा."

त्या तिघांतला एक घाबरून बोलून गेला, "सर, आमचं नका खोलू, संध्याकाळी परत द्यायचंय!"

सगळे हसले. परीक्षकही हसले. आणि हसत हसत त्या तिघांना माझ्याहून जास्त मार्क दिले. ते हसू मला आजही पचलेलं नाही. चोरी त्यांना कळलीच नसती तर एक वेळ ठीक. ती त्यांना गंमत वाटली, आणि माझं खरं बोलणं उद्धटपणा.

पुढं तर कहरच. विभागप्रमुखांनी बोलावलं. तपासणीची कमिटी यायची होती आणि दुकानातल्या रेल्वे परत चालल्या होत्या. "तुझं मॉडेल ठेवून जा."

"खाली माझं नाव लावाल?"

"नाव कशाला? विभागाचं काम असतं ते."

मी फळी पोत्यात गुंडाळली, दोरीनं बांधली आणि उचलली. गेटाशी अप्पा थांबले होते.

"ठेवून न्हाई घेतलं?"

"मागत होते. न्हाई दिलं. नाव लावायला तयार न्हाईत."

अप्पांनी फळीला एका बाजूनं हात घातला. "लई जड हाय गं माय. धर तिकडून."

लातूरच्या एसटीत कंडक्टरनं विचारलं, "मामा, काय हाय ह्यात?"

"रेल्वे. चुंबकावर तरंगती. हिनं बनवली."

"तरंगती? दाखवा की, ताई."

दिवसभराचा राग त्या बिचाऱ्यावर निघाला. "बाप सांगून राहिला ना, मीच बनवली म्हणून? अजून काय पुरावा पाहिजे?"

"तुम्ही न्हाई बनवली असं कोण म्हणून राहिलंय?" तोही चिडला. "तरंगती कशी, ते विचारून राहिलो."

दिवसभरात हे मला कुणीच विचारलं नव्हतं. ज्याला विचारायलाच बोलावलं होतं, त्यानंही नाही.

मी दोरी सोडली.