हरवलेला ठिपका

आमच्या विभागप्रमुखांनी मला फसवलं. सौदा साफ होता: त्यांच्या प्रात्यक्षिकांच्या बॅचेस मी घ्यायच्या, आणि वेधशाळेत मला दुर्बीण मिळावी म्हणून पत्र त्यांनी लगेच पाठवायचं. ते चार बॅचेस म्हणत होते, मी घासाघीस करून दोनवर आणलं. सत्रभर मुलांकडून लंबकाचे झोके मोजून घेतले. पत्र गेलंच नव्हतं, हे सत्र संपताना कळलं.

आज वर्गात दाखवायला जुने फोटो काढले. आकाशाच्या एकाच तुकड्याचे, थोड्या थोड्या वेळाने घेतलेले तीन. एकामागून एक दाखवले की सगळे तारे जागच्या जागी राहतात, एक ठिपका तेवढा सरकतो. तो लघुग्रह मी शोधला होता. असा ठिपका पुढच्या काही दिवसांत पुन्हा टिपला तरच त्याची कक्षा ठरते, नाहीतर तो हरवतो. माझा हरवला.

जे स्थिर आहे ते कधीही पाहिलं तरी सापडतं. सरकणाऱ्याकडे मात्र वेळेवरच पाहावं लागतं. माझ्यासारख्या तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

मी जाब विचारला तेव्हा सर हसले होते. "अहो मॅडम, दगडच तो! आकाशात काय कमी आहेत? दुसरा शोधा." मी हातातली फाइल त्यांच्या टेबलावर आपटून बाहेर पडले.

पडद्यावर ठिपका सरकत होता. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, आता कुठे असेल तो?"

सर, उद्या माझ्या तासाला या, आणि त्या मुलीला उत्तर तुम्ही द्या.