चौरंगावरचा पाना
"बोल्ट त्याच सकाळी आवळले होते, ड्रायव्हरनेच मस्तीत क्लच झटकन सोडला आणि जीव घालवला," असे चिंचवडात आजही सांगतात. ही मी जिथे मिस्त्री होतो त्या गॅरेजच्या मालकांनी पसरवलेली कहाणी आहे आणि ती साफ खोटी आहे. झेंडूचा वास आला की मला ती खंडेनवमी आठवते. जोराने निघताना आमच्याकडे येणाऱ्या एका भाड्याच्या मोटारीची मागची चाके थडथड उडत, म्हणून आदल्या दिवशी मीच तिच्या मागच्या अ‍ॅक्सलला नवे कमानपाटे, म्हणजे स्प्रिंगचे पाटे, बसवले होते. नवे पाटे पहिल्या फेरीत दबतात, त्यांना अ‍ॅक्सलशी जखडणारे बोल्ट सैल होतात आणि ते पुन्हा आवळावे लागतात. सकाळी तिचा ड्रायव्हर आला. "मिस्त्री, चाकं परत नाचत्यात. तेवढं आवळा की." पाना घ्यायला मी हत्यारे पूजेला मांडलेल्या चौरंगाकडे हात नेला, तोच मालक कडाडले, "पूजेतलं हत्यार आज उचलायचं न्हाई!" मी हात मागे घेतला, तेही मी लपवत नाही. "मग आज देवालाच बसवतो ष्टेरिंगवर," असे म्हणून ड्रायव्हर हसला आणि चाकणचे भाडे आणायला निघाला. मोशीजवळ नदीकाठच्या चढावर चाके उडाली, मागचा अ‍ॅक्सल सरकला आणि मोटार मागे घरंगळत पाण्यात गेली. संध्याकाळी त्याचे प्रेत घेऊन आम्ही परतलो. गॅरेजात त्या बोल्टांना बसणारा पाना एकच होता. तो चौरंगावर होता, आणि मी पहाटे त्यावर ठेवलेले झेंडूचे फूल जागचे हललेले नव्हते.