मामींनी उचलायला लावलेली जमीन

मामींनी मला फसवलं. किहीमच्या नारळाच्या वाडीच्या मालकीणबाईंनी, त्यांच्याच वाडीत भाड्याने चार घोड्या बांधणाऱ्या मला, एक अख्खा पावसाळा खोटं सांगितलं. किनाऱ्यावर दुसऱ्याच्या घोड्याचा लगाम धरून मी पाहुण्यांना फिरवायचा धंदा शिकलो. भावात मला कोणी गुंडाळत नाही. मामींनी गुंडाळलं.

मामींची एक खोड होती. कुठलीही वस्तू दिसली की तिचा कोपरा उचलून खाली काय आहे ते बघायचं. माझ्या चटईचा, पेंढ्याच्या भाऱ्याचा, एकदा तर माझ्या भाकरीच्या पाटीवरच्या फडक्याचासुद्धा. "वरून सगळंच बरं दिसतं रे शेठ," म्हणायच्या. खिशात दमडी नव्हती तेव्हापासून मला शेठ म्हणत.

त्या साली माझी घोडी राणी चिखलात उभी राहून खुरांनी बिघडली. खुराला वास यायला लागला. नालबंद म्हणाला, "पाय कोरडा न्हाय राहिला, तर ही घोडी कायमची लंगडी हाय." राणीवर माझं घर चालतं. मी त्याच दुपारी सिमेंटच्या गोणी आणल्या. तबेल्यात कोबा करायचा, विषय संपला.

मामी गोणीवर बसल्या. "कोबा नाही. माडांची मुळं गुदमरतात. काय घालशील ते एका सकाळी उचलता आलं पाहिजे."

मी अर्धा तास ओरडलो. घोडी मोठी की माड, असं विचारलं. भाडं कशाचं घेता, तेही विचारलं.

"झालं ओरडून?" त्या म्हणाल्या. "चहा निवतोय."

मग मी हट्टाने समुद्रावरची वाळू आणून पसरली. किनाऱ्यावरच्या माणसाला वाळूची काय भीती. गवत तिच्यावरच टाकत होतो. राणीने गवताबरोबर वाळू खाल्ली आणि पोटदुखीनं आडवी झाली. डॉक्टर आले, नळी घातली, संध्याकाळी राणीने एकदाची लीद टाकली. तिघं जण लिदीकडे पेढे बघावेत तसे बघत होतो. मामी म्हणाल्या, "फुकटची वाळू घोडीनं खाल्ली. आता तू माझ्या शिव्या खा." आणि खरंच दिल्या.

शेवटी वाळू उपसून त्यांच्या वाडीतली नारळाची सोडणं खाली अंथरली, पाणी मुरावं म्हणून. वर चिऱ्याची खडी, आणि तिच्यावर रबराच्या जाड चटया. चटया घ्यायला न्हावा शेव्याच्या रस्त्यावर एका भंगारवाल्याकडे गेलो. मामी टेम्पोत पुढे बसून आल्या. मी भाव निम्म्यावर आणला होता. तेवढ्यात मामींनी कोपरा उचलला. खालून लोखंडी तारा बाहेर आलेल्या. भंगारवाला म्हणाला, "मावशी, घोडा क्या उलटा सोएगा?" मामी म्हणाल्या, "तू आधी झोपून दाखव." त्याने आतला चांगला माल काढला. भाव मात्र पुन्हा मलाच करावा लागला.

गणपतीपर्यंत वास गेला. दसऱ्याला राणी किनाऱ्यावर सरळ चालली. मी तिच्या मागे नुसताच चालत गेलो, गिऱ्हाईकं हाक मारत होती तरी.

दिवाळीनंतर मामी लेकीकडे नाशिकला गेल्या. आठवड्यात वाडीच्या नव्या मालकाचा माणूस आला. वाडी विकली होती, तिथे बंगला उठणार होता. "इसार तर पावसाळ्याआधीच झाला," तो म्हणाला. म्हणजे मी सिमेंट आणलं तेव्हा बाईंना सगळं ठाऊक होतं. मुळं कसली गुदमरतात? शेजारच्या वाडीत माडाला खेटून कोबा आहे आणि माड नारळांनी लगडलाय.

मी एका सकाळी चटया उचलल्या, टेम्पोत टाकल्या आणि पलीकडच्या गावात तबेला मांडला. कोबा केला असता तर माझे सगळे पैसे नव्या मालकाच्या बंगल्याखाली गेले असते. त्या रात्री मी कितीतरी महिन्यांनी गाढ झोपलो.

तरी माझा राग गेलेला नाही. विक्रीचं सांगितलं असतं तर मी तिथेच भांडण काढलं असतं आणि भर पावसात आजारी राणीला घेऊन निघालो असतो, हे मला कळतं. त्यांनाही ते कळलं होतं, म्हणूनच राग येतो. एवढ्या वर्षांच्या भाडेकरूला निरोपसुद्धा न देता गेल्या. फोन केला की म्हणतात, "ऐकू येत नाही रे शेठ," आणि राणी कशी आहे ते मात्र नीट ऐकतात.

मामी, नाशिकहून गाडी मिळते. या, राणीसमोर उभ्या राहा आणि सांगा, मला न सांगता का गेलात? उत्तर घेतल्याशिवाय मी सोडणार नाही.