गाजरांनी आणलेलं तारुण्य

चाळिशी उलटल्यावर एका संध्याकाळी मी माझ्या बायकोचा बाप झालो.

ही बढती मला उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका सिंधी कापडवाल्याने दिली. पौष संपला की आमच्या कुसुमला पाहायला बदलापूरची मंडळी येणार होती. म्हणून लेकीला आणि मालतीला, म्हणजे तिच्या आईला, घेऊन मी अंबरनाथहून साडी घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने मला हाताला धरून गादीवर बसवलं, पाणी दिलं आणि अदबीने विचारलं, "साईं, दोनों बेटियों के लिए एक जैसी निकालूँ?"

कुसुम तोंडात पदर कोंबून हसली. मालती हसली नाही. ती लाजली! आणि लाजता लाजता तिने दोन साड्या घेतल्या.

ही हकीकत तिने आळीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगितली. मी रागावलो नाही. त्या वयात रागवायचं म्हणजे आधी उठून बसावं लागतं.

कारखान्याच्या कचेरीत माझ्या शेजारी सोहोनी बसत. वयाने माझ्याहून मोठे, पण गाल असे की जणू लोणी लावून पुसून घेतलेत. त्यांनी माझ्या चेहऱ्याचं निदान केलं. "अहो, कातडी बाहेरून नसते, आतून असते. तरुणपणी काहीही खा, खपून जातं. चाळिशीनंतर खाल्लेली प्रत्येक भजी तोंडावर उमटते. चहा, तळण, लोणचं बंद. गाजर, पपई, तांबडा भोपळा सुरू!"

"किती?"

"जमेल तितकं."

हेच चुकलं. मला कुठलीही गोष्ट जमेल तितकी करता येत नाही, भीती वाटेल तितकी करता येते. सकाळी गाजराचा कीस, डब्यात गाजर, दुपारी पपई, रात्री भोपळा आणि तोंडी लावायला गाजर. मालती म्हणाली, "अहो, टांग्याच्या घोड्यालासुद्धा मधूनमधून हरभऱ्याची चंदी देतात हो!" चहाविना माझं डोकं दिवसभर ठणकत असे. तरुण होणं इतकं दमवणारं असतं हे तरुणपणी लक्षात आलं नव्हतं.

महिन्याभराने शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तेज आलंय हं तोंडावर!" मी गाजरं वाढवली. पुढच्या आठवड्यात तेज तळहातांवर उतरलं, मग तळपायांवर. आणि एके सकाळी बुवापाड्याचा घरत दूध घालायला आला, त्याने माझ्याकडे पाहिलं आणि चरवी खाली ठेवली.

"दादा, ही तं कावील हाय!"

मालतीने कपाळावर हात मारला. पाहुणे रविवारी यायचे होते. बोलावलेल्यांना आता नको म्हणावं, तर मुलीतच काही खोट आहे असं गावभर होणार. येऊ द्यावं, तर घरात कावीळ!

घरत मला त्याच दिवशी शिवमंदिरापलीकडच्या एका म्हातारीकडे घेऊन गेला. ती कावीळ उतरवीत असे. तिने माझ्या हातांना चुना चोळला, वर पाणी ओतलं, काहीतरी पुटपुटली. पाणी पिवळंजर्द झालं. "निंगाली सगली," ती म्हणाली. मी निम्मा बरा तिथेच झालो. निघताना तिने पथ्य सांगितलं, "त्याल नको, चाय नको. पपई खा. आनि गाजरा खा, जास्ती खा."

ती मी खाल्ली. (औषध म्हणून!) रविवारपर्यंत माझा झेंडू झाला होता.

शेवटी मालतीने कुसुमचा स्नो आणि पावडर काढली आणि मला खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात बसवून सजवलं. त्या दिवशी आमच्या घरात मुलगी आपली आपण तयार झाली आणि बापाला दोघींनी मिळून तयार केलं.

पाहुणे आले. मुलगा सालस, त्याचे वडील मोजकं बोलणारे, आई मात्र चौकस नजरेची. सगळं ठीक चाललं होतं. कुसुमला प्रश्न विचारून झाले, मुलगा दोनदा चोरून हसलासुद्धा. मी आनंदाने पोह्यांची बशी पुढे केली. पावडर तोंडाला लावली होती, हाताला नव्हती!

मुलाच्या वडिलांनी माझा तळवा पाहिला आणि आपला हात मागे घेतला.

"कावीळ आहे?"

"होती. उतरवली," मी म्हणालो. मला घाम फुटला आणि पावडरीतून पिवळे ओघळ वाहू लागले. वडील उठून उभे राहिले. कुसुमने मान खाली घातली.

"बसा हो," मुलाची आई म्हणाली. ती सरळ माझ्याजवळ आली. "वर बघा. डोळे तर पांढरेस्वच्छ आहेत! आमच्या धाकट्याला मी तान्हेपणी भोपळा भरवून भरवून असाच पिवळा केला होता. डॉक्टर पोट धरून हसले होते. काय खाता तुम्ही?"

"गाजरं," मालती म्हणाली. "दुसरं काय!"

"इतकी? कशाला?"

"तब्येतीसाठी," मी पुटपुटलो.

मुलाचे वडील अजून उभेच. "म्हणजे काही जुनं दुखणं आहे?"

कुसुमने माझ्याकडे पाहिलं. अब्रू की जावई, असा सवाल होता. मी डोळे मिटून म्हणालो, "तरुण दिसण्यासाठी."

घरात टाचणी पडली असती तर तिलासुद्धा लाज वाटली असती. मग मुलाचे वडील हळूच खाली बसले आणि पुढे झुकून म्हणाले, "मग? पडतो का काही फरक?"

"पडलाय की," मालती म्हणाली. "बघा ना!"

आधी मुलगा हसला, मग कुसुम, मग सगळेच. लग्न माघातच ठरलं.

गाजरं त्याच दिवशी बंद केली, पण रंगाला घाई नव्हती. हळदीच्या दिवशी विहीणबाई उष्टी हळद घेऊन आल्या. कुसुमला लावून झाल्यावर बायका हसत हसत वाटी घेऊन माझ्याकडे धावल्या, तेव्हा विहीणबाईंनी त्यांना अडवलं.

"त्यांना नको गं! लावलेली दिसणार कुठे? उगाच हळद वाया जायची!"