मुद्देमाल

आईचं मंगळसूत्र डोंबिवलीत दिवसाउजेडी गेलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला निघाली होती. मागून धावत आलेल्या पोराने हिसका दिला आणि तो रुळांकडे पळाला. मानेवर रक्ताची रेघ उमटली होती. चौकीत हवालदाराने आधी हेच विचारलं, "बाई, एवढं सोनं घालून एकट्या फिरता कशाला?" सोनं म्हणजे दोन वाट्या, बाकी काळे मणी. तेव्हा तापलेलं माझं डोकं अजून निवलेलं नाही.

घरी आल्यावर शेजारच्या काकूंनी पिवळ्या दोऱ्यात हळकुंड ओवून आईच्या गळ्यात बांधलं. सवाष्णीचा गळा मोकळा ठेवत नाहीत. नवं मंगळसूत्र करायला आई तयार नव्हती. पहिलं कुठेतरी शाबूत असताना दुसरं घालणं तिला अपशकुन वाटे.

आणि ते खरंच सापडलं. चोर पकडला गेला, ओळख पटवायला आम्हाला बोलावणं आलं. साहेबांनी डबी उघडली आणि आईने लगेच ओळखलं. एका वाटीवर माझ्या दुधाच्या दातांची खूण होती. तिने हात पुढे केला तशी साहेबांनी डबी मिटली.

"मुद्देमाल आहे हा. केस संपली की कोर्टातून मिळेल. लवकर हवं तर वकील करून अर्ज टाका."

"आपलीच वस्तू सोडवायला वकील?" बाबा म्हणाले. "चोर सापडलाय. देतील की." आमच्या घरातला कोकणी ताठा. अर्ज टाकलाच नाही.

मग कल्याण कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या. समन्स घेऊन पोलीस जिना चढला की अख्खी बिल्डिंग गॅलरीत, जणू चोरी आम्हीच केली होती. जामिनावर सुटलेला तो पोरगा कोर्टाबाहेर आमच्याच बाकड्यावर बसायचा. एकदा त्याने आईलाच विचारलं, "मावशी, जज्ज आलाय का आज?" आईच्या साक्षीत त्याच्या वकिलाने विचारलं, "सगळी मंगळसूत्रं सारखीच दिसतात. हे तुमचंच कशावरून?"

"माझ्या मुलीचे दात उमटलेत त्यावर," आई म्हणाली. सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई मात्र खूश होती, आता देतील म्हणून. दिलं नाही. दोरा विटला की ती नवा बांधायची, हळकुंड भुगा झालं की दुसरं ओवायची.

त्यातच बाबा गेले. ऑफिसात छातीत कळ आली, तेवढंच. बायकांनी आईच्या गळ्यातला दोरा तोडला. तोडायला तेवढाच होता.

निकाल त्यानंतर लागला. निरोप घेऊन हवालदार हसत आला, "वहिनी, काम झालं तुमचं." मग त्याला आईचं कपाळ दिसलं. चहा न घेताच तो गेला.

कोर्टात कारकुनाने पाकीट फोडून मंगळसूत्र आईच्या तळहातावर ठेवलं. तिने अंगठ्याने दातांची खूण चाचपली, सही केली आणि रुमालात बांधून ते माझ्याकडे दिलं. मला त्या क्षणी पोलिसांचा नाही, बाबांचा राग आला. त्यांच्याशी भांडायचीही सोय उरली नव्हती.

स्टेशनवरून घरी येताना मागून कुणीतरी पळत आलं. आईने दोन्ही हातांनी गळा झाकला. तो माणूस आमच्या बाजूने निघून गेला. मोकळ्या गळ्यावरचे हात तिने घर येईपर्यंत काढले नाहीत.