पारसदादाने तो गोल मारलाच नव्हता

माझा भाऊ पारस भारतासाठी एक मिनिटसुद्धा खेळला नाही.

सकाळपासून घरातली पोरं स्टेटसवर टाकत आहेत, 'आजोबांनी परदेशात विजयी गोल मारला होता.' कोणी सांगितलं तुम्हाला? तेव्हा तुमचे बापही जन्मले नव्हते.

मी होते.

दादा आज पहाटे गेला. माझं रडून झालंय. आता खरं लिहिते.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. जुन्या जालन्यात आमचं कापडाचं दुकान. मिलवाल्यांशी इंग्रजीत बोलणारं घरात कोणीतरी हवं, म्हणून वडिलांनी मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं. दादाला इंग्रजी जमेना. त्याला फुटबॉल जमला.

मला दोन्ही जमायचं.

शेजारच्या आडतीमागे सरकीच्या पोत्यांच्या मधल्या जागेत आम्ही दोघं खेळायचो. माझी किक त्याच्यापेक्षा जोरात होती. हे तो स्वतः कबूल करायचा. फक्त कोणी ऐकत नसताना.

पुढे दादा हैदराबादला निवडीसाठी खेळून आला. मग एक दिवस तिथून निरोप आला. परदेशात अनेक देशांच्या खेळांचा मोठा मेळा भरणार होता. त्यात विशीच्या आतल्या मुलांची फुटबॉल स्पर्धा. भारताच्या टीममध्ये दादाचं नाव.

गल्लीभर पेढे वाटले. मी खाल्ला नाही.

मुलींची टीमच नव्हती, हे मला कळत होतं. म्हणून काय जळायचं नाही?

वर त्याला काट्या-चमच्याने जेवायला शिकवायचं काम कोणाकडे? कॉन्व्हेंटवालीकडे! काट्याने भाकरी तोडताना त्याचा जो चेहरा व्हायचा, तेवढंच माझं सुख.

आम्ही जैन. आमच्या घरात चामड्याची वस्तू उंबऱ्याच्या आत यायची नाही. आईला आम्ही बाई म्हणायचो. निघायच्या आधी बाईने दादाला साध्वीजींसमोर नेलं आणि नियम घ्यायला लावला. परत येईपर्यंत पायात चामडं घालणार नाही.

मी म्हटलं, "बाई, बॉल चामड्याचाच असतो."

बाई म्हणाली, "त्याला लाथ मारून दूरच ढकलतो न्हाई का? ढकलू दे."

साध्वीजीसुद्धा हसल्या. दादाने हात जोडून नियम घेतला.

आमच्याकडे सगळे अनवाणी खेळायचे, नाहीतर कॅनव्हासच्या बुटांत. फुटबॉलचे बूट चामड्याचे असतात, हे बाईच्या गावीही नव्हतं. आणि दादाला वाटलं, तिकडेही असंच चालून जाईल.

चाललं नाही. तिकडे बुटांशिवाय मैदानात उतरू देत नव्हते.

तो परत आला तेव्हा स्टेशनवर बँड लावला होता. हारांनी त्याचं तोंड दिसत नव्हतं. मी टांग्यात मागच्या बाजूला, पिशव्या मांडीवर घेऊन.

दुसऱ्या दिवशी पोत्यांवर बसून मी विचारलं, "किती मॅच खेळलास?"

"एक बी न्हाई."

"म्हंजे?"

"शेवटच्या मॅचमधी आमचा एक पोरगा पडला. कोचसाहेब म्हणले, पारस, ऊठ. बूट चढव, जल्दी. मी म्हणलं, साहेब, पाय मुरगळलाय."

"मुरगळल्ता?"

"न्हाई."

मी त्याच्या पाठीत बुक्की घातली.

"अरे, तिथं कोण बघून राह्यलं होतं? बाई बसल्ती का समोर?"

"कोणीच नव्हतं."

"मंग?"

"नियम घेतल्ता ना, कांते."

"तर मला पाठवायचं होतंस! मी बिलकुल घातले असते बूट."

"माहितीये. रोज त्या बेंचवर बसून तेच डोक्यात यायचं. कांती असती तर मला ढकलून मैदानात गेली असती." मग हळूच म्हणाला, "बाईला सांगू नको. तिच्यापायी राह्यलं असं तिला वाटायला नको."

म्हणजे बेंचसुद्धा यालाच मिळाला, आणि तोही याने फुकट घालवला. मला त्या बेंचचाही हेवा वाटत होता!

घरी मुरगळलेल्या पायाचीच गोष्ट चालली. बाई रोज आंबेहळद उगाळून त्याच्या धडधाकट घोट्याला लेप लावायची. फुंकर घालायची. आणि हा पठ्ठ्या बराबर जागेवर कण्हायचा. दिवाळीपर्यंत लंगडला.

त्याच सुमारास कॉन्व्हेंटच्या ग्राउंडवर माझं बोट खरोखर मोडलं. बाई म्हणाली, "कोणी सांगितलं होतं उड्या मारायला?"

लेप नाही. फुंकर नाही.

पुढे मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. नकाशावर तो देश आला की मुलींना बोट ठेवून दाखवायचे आणि मनातल्या मनात दादाला शिव्या द्यायचे.

बाई गेली तोवर तिला काही कळलं नाही. म्हातारपणीसुद्धा थंडीत विचारायची, "पारस, पाय दुखतो का रे?" आणि हा म्हणायचा, "थोडा."

पोरांनो, तो गोल स्टेटसवरून काढा. तुमच्या आजोबाला समोर मैदान दिसत होतं, नाव पुकारलं होतं, आणि तो उठला नाही. का उठला नाही, ते वर लिहिलंय. पुन्हा वाचा.

दादा, मी असते तर बूट घातले असते. गोल मारला असता. आणि घरी येऊन बाईला तोंडावर सांगितलंही असतं. मग तिने माझ्याशी बोलणं टाकलं असतं, तरी चाललं असतं.

तुला ते चाललं नसतं. म्हणूनच बहुतेक तिचा सगळा जीव तुझ्यावर होता. परदेशाचं मी केव्हाच सोडून दिलं. हे मात्र आजही सहन होत नाही.

हार, फुलं, भावपूर्ण शब्द बाकीच्यांनी वाहिले आहेत. माझ्याकडून एवढंच.

तिकडे बाई भेटेल. आता तरी तिला खरं सांगून टाक. नाहीतर मी आले की सांगणार आहे.

निरोप, दादा.

तुझी कांता